परदेशात बास्केटबॉल खेळायला निघण्याआधी

भोपाळ हॉकीचं शहर. ऐशबागचं मैदान, अस्लम शेर खान, समीर दाद ही नावं इथे सगळ्यांच्या तोंडी असतात. हॉकीत पुढे काय असतं याचा अंदाज इथल्या पालकांना असतो: आधी राज्य, मग रेल्वे किंवा एखादं सरकारी खातं, आणि फारच गुण असतील तर भारत. बास्केटबॉलच्या बाबतीत घरात अशी माहिती नसते. मुलगा सहा फुटांच्या वर गेला, शाळेच्या संघात चमकला, की नातेवाइकांकडून अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचं एकच नाव ऐकू येतं, एनबीए. तेवढ्या एका नावाच्या भरवशावर मोठे निर्णय घेतले जातात, पैसे गुंतवले जातात. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट सतनामची. ‘भारताचा सतनाम सिंग एनबीएत खेळला’ असं आजही सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंचांचा सतनाम लुधियानाच्या अकादमीत घडला, २०१० साली शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला आणि जून २०१५च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय, आणि ही कामगिरी मोठीच आहे. पण ड्राफ्ट म्हणजे त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क संघाला मिळणं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला ठरलेल्या श्रेणीनुसार खात्रीचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीत अशी हमी नसते. सतनाम दुसऱ्या फेरीतला. तो टेक्सास लेजंड्स या दुय्यम लीगमधल्या संघाकडून दोन मोसम खेळला, तिथेही त्याला मैदानावर फार थोडा वेळ मिळाला, आणि एनबीएचा एकही सामना त्याच्या नावावर नाही. ड्राफ्टच्याच वर्षी, एप्रिल २०१५मध्ये सॅक्रमेंटो किंग्जकडून खेळलेला सिम भुल्लर भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू ठरला, पण तो जन्माने कॅनडाचा. त्याचाही करार दहा दिवसांचा होता आणि सामने तीन. या दोघांची नावं एकमेकांत मिसळून जी गोष्ट तयार झाली, ती मुलांना चुकीचा रस्ता दाखवते.

याहून मोठा गैरसमज म्हणजे परदेश म्हणजे अमेरिका आणि परदेशी कारकीर्द म्हणजे एनबीए. तीस संघ, प्रत्येकात पंधरा नेहमीच्या जागा. म्हणजे साऱ्या जगासाठी साडेचारशे. जगातले बहुतेक व्यावसायिक खेळाडू या साडेचारशेच्या बाहेर आहेत आणि खेळावर घर चालवतात: तुर्कस्तान, स्पेन, ऑस्ट्रेलिया, जपान, तैवान, फिलिपिन्समध्ये. भारतीयांनीही हे दरवाजे उघडले आहेत. केरळची, दक्षिण रेल्वेकडून खेळणारी गीतू अॅना जोस २००६ साली ऑस्ट्रेलियात रिंगवुड हॉक्सकडून खेळायला गेली आणि तिथे व्यावसायिक खेळणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. २०११ साली अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीए या स्त्रियांच्या लीगमधल्या संघांनी तिची चाचणीही घेतली. अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग जपानमध्ये टोकियो एक्सलन्सकडून खेळले; पुढे अमृतपालला २०१७ साली सिडनी किंग्जने घेतलं, अमज्योत अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी ब्लू संघात गेला. प्रिन्सपाल सिंग एनबीएच्या भारतातल्या अकादमीतून एनबीएच्या दुय्यम जी लीगमधल्या इग्नाइट संघात पोहोचला आणि २०२१ साली लास वेगासची समर लीग जिंकणाऱ्या सॅक्रमेंटोच्या संघात होता. या नावांचा जितका उल्लेख व्हायला हवा तितका होत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग अशी नावं इतकी कमी का? ‘आपली शरीरयष्टीच तशी नाही’ हे उत्तर लोक लगेच देतात, आणि ते चुकीचं आहे. खरं कारण लीगच्या नियमांत आहे. बहुतेक देशांत एका संघाला मोजकेच परदेशी खेळाडू घेता येतात. मैदानावरची भाषा त्यांना ‘इम्पोर्ट’ म्हणते. ही जागा इतकी महाग असते की क्लब तिथे सामना एकहाती फिरवू शकेल असाच खेळाडू शोधतो. म्हणजे भोपाळहून गेलेल्या मुलाची स्पर्धा स्थानिक पोरांशी नसते, अमेरिकन कॉलेजमध्ये चार वर्षं खेळून आलेल्या, एनबीएच्या उंबरठ्यावरून परतलेल्या माणसाशी असते. स्थानिक खेळाडूइतका चांगला असणं त्याला पुरत नाही. जपानच्या बी.लीगने २०२० साली आशियातल्या काही देशांच्या खेळाडूंसाठी वेगळी जागा ठेवली, आणि फिलिपिन्सच्या थर्डी रावेनापासून तिथल्या खेळाडूंची रीघ लागली. रावेना एका वर्षात उंच झाला नव्हता. त्याच्यासाठी दार वेगळं झालं होतं. कोणत्या देशाच्या लीगमध्ये भारतीय पासपोर्टला कोणती जागा आहे, हे दरवर्षी पाहावं लागतं, कारण नियम बदलत राहतात.

उंचीबद्दल थोडंच सांगतो. एनबीएतली सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास आहे, पण पाच फूट तीन इंचांचा मगसी बोग्स तिथे चौदा मोसम खेळला. भारतात उंच मुलाला लहानपणापासून रिंगखाली उभं करून ठेवतात. त्याला ड्रिबल करायला, बाहेरून शॉट मारायला शिकवतच नाहीत. बाहेर गेल्यावर तिथल्या मानाने तो मध्यम उंचीचा ठरतो आणि त्याच्याकडे दुसरं कौशल्य नसतं. हे नुकसान आपणच करतो.

पैशांचं चित्रही फार भडक रंगवलं जातं. एनबीएच्या खालच्या जी लीगमध्ये २०२३-२४च्या मोसमात साध्या कराराचा पगार ४०,५०० डॉलर होता, म्हणजे तेव्हाच्या दराने तेहतीस-चौतीस लाख रुपये, त्यातून कर वजा. राहायची सोय संघाची. त्याच मोसमात एनबीएतल्या अगदी नवख्या खेळाडूला पूर्ण मोसमासाठी किमान अकरा लाख डॉलरच्या वर मिळत होते. एका पायरीचं हे अंतर आहे. जी लीगच्या खेळाडूची नोकरी काही महिन्यांची असते, पुढच्या मोसमाची हमी नसते, आणि गुडघा गेला तर पुढचा करार मिळणंच अवघड. आपल्याकडे विशेष भृगुवंशी ओएनजीसीत, पुण्याची शिरीन लिमये रेल्वेत. भारताचं कर्णधारपद भूषवलेले हे दोघे नोकरी सांभाळून खेळले, त्याला कुणी महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणू नये. कायमची नोकरी सोडून सहा महिन्यांच्या करारावर जायचं की नाही, हा प्रश्न प्रत्येक भारतीय खेळाडूपुढे येतो, आणि त्याचं उत्तर घरची परिस्थिती पाहूनच द्यावं लागतं.

भोपाळच्या मुलामुलींसाठी सगळ्यांत जवळचा रस्ता क्लबांचा नाही, कॉलेजचा आहे. आणि तो ‘अभ्यास मागे पडला तरी चालेल’ या समजुतीने बंद होतो. अमेरिकेत एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या पहिल्या विभागातच साडेतीनशेहून अधिक कॉलेजं आहेत. खालचे विभाग वेगळे. बंगळुरूची संजना रमेश २०१९ साली नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठात गेली, पंजाबचा अमान संधू २०२२ साली मॉनमथ विद्यापीठात. नागपूरची सिया देवधरही शिकायला आणि खेळायला अमेरिकेला गेली. या मार्गावर नववीपासूनचे गुण मोजले जातात. नववी ते बारावीतले सोळा ठरावीक विषय आणि त्यांची किमान सरासरी असल्याशिवाय पहिल्या विभागात खेळताच येत नाही. शिबिरासाठी नववीची परीक्षा बुडवणारा मुलगा अठराव्या वर्षी हे ऐकतो तेव्हा उशीर झालेला असतो. बारावीनंतर ‘आधी दोन वर्षं नीट सराव करू’ असं ठरवणंही महागात पडू शकतं, कारण जास्त काळ थांबून स्पर्धा खेळत राहिल्यास कॉलेजमधली खेळण्याची वर्षं कमी होऊ शकतात. तिथल्या मुलांना २०२१ पासून जाहिरातींतून पैसे कमावता येतात, पण विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलाला ते सहज करता येत नाही. त्या भरवशावर हिशेब मांडू नये.

मुलींच्या बाबतीत ‘पुढे काय?’ असं विचारून विषय संपवणाऱ्यांनी जुन्या मध्य प्रदेशाकडे पाहावं. १ नोव्हेंबर २००० पर्यंत भिलाई याच राज्यात होतं, आणि तिथे प्रशिक्षक राजेश पटेल यांनी पोलाद कारखान्याच्या गावातून भारतीय संघाला मुलींमागून मुली दिल्या. २०१७च्या आशिया कपच्या ब विभागात भारताच्या मुलींनी बंगळुरूत कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून विजेतेपद मिळवलं. आपल्याकडे परदेशाच्या वाटेवर मुलीच आधी निघाल्या, हे गीतूच्या २००६ या सालावरूनच दिसतं.

दुकानात मिळणारी पावडर निर्धोक असते, हा समज तर कारकीर्दच संपवू शकतो. सतनामच्या नमुन्यात नोव्हेंबर २०१९मध्ये हायजेनामाइन सापडलं आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. हे द्रव्य काही वनस्पतींतून मिळतं, सप्लिमेंटमध्ये असतं आणि वर्षभर निषिद्ध आहे. ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘नैसर्गिक’ असं लेबल बंदीपासून वाचवत नाही. जे पोटात जाईल त्याचा जबाब खेळाडूलाच द्यावा लागतो, डबा कुणीही हातात दिलेला असो.

शेवटी एजंट. परदेशी क्लबात खेळायला घेऊन जाणाऱ्या एजंटकडे फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, परवाना लागतो आणि परवानाधारकांची नावं तपासता येतात. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात जायला अपवाद वगळता परवानगी नसते. सोळाव्या वर्षी युरोपातल्या क्लबचा करार हातात देणाऱ्याला हा नियम आधी विचारावा. आपल्या महासंघाकडून मोकळीक पत्र आल्याशिवाय नवा क्लब खेळाडूला अधिकृत सामन्यात उतरवू शकत नाही. पगार थकला तर जिनिव्हात २००७पासून काम करणारा बास्केटबॉलचा लवाद आहे, पण त्याच्याकडे जाता येण्यासाठी तसं कलम करारात असावं लागतं. ते कलम आहे का, दुखापत झाली तर उपचार कोण करणार, संघाने मध्येच काढलं तर किती पगार मिळणार आणि परतीचं तिकीट कुणाचं, ही चार उत्तरं सही करण्याआधी कागदावर लिहून घ्यावीत.