अधिवासाचा दाखला आणि कॉलेजची फी

बारावीचा निकाल लागला की नागपुरात दोन ठिकाणी गर्दी होते. एक मिठाईच्या दुकानात आणि दुसरी सेतू केंद्रात. दुसरीकडची रांग असते अधिवासाच्या दाखल्यासाठी, म्हणजे आपण ज्याला ‘डोमिसाइल’ म्हणतो त्यासाठी. पालकांची समजूत बहुधा अशी की, पोरगा इथेच जन्मला, इथेच वाढला, मग दाखला हा केवळ उपचार. पण तसे नाही. ‘इथला’ कोण, हे प्रत्येक खिडकीवर निराळ्या मापाने मोजले जाते आणि त्या मापावर जागाही अवलंबून असते, फीसुद्धा.

आधी कायद्याचे मूळ पाहू. आपल्या घटनेचे १५ वे कलम सांगते की, केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून राज्याने भेद करू नये. यात ‘जन्मस्थान’ आहे, ‘निवास’ नाही. सरकारी नोकऱ्यांविषयीच्या १६ व्या कलमात मात्र निवासाचाही उल्लेख आहे. या एका शब्दाच्या फरकावर १९५५ साली सर्वोच्च न्यायालयात एक खटला चालला. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हाचे मध्यभारत सरकार बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दीड हजार रुपये कॅपिटेशन फी घेई. राज्यातल्या रहिवाशांना ती माफ. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने याला आव्हान दिले. चार विरुद्ध एक मताने न्यायालयाने सरकारचा नियम उचलून धरला. जन्म कुठे झाला हा एक प्रश्न, राहता कुठे हा दुसरा. आणि आपल्या रहिवाशांच्या शिक्षणाचा भार राज्याने उचलावा यात गैर काही नाही, असा त्याचा आशय होता.

गंमत अशी की, त्या वेळी आपले नागपूर मध्यप्रदेशची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. महालातला विद्यार्थी घराची चौकटही न ओलांडता चार वर्षांत तीन राज्यांचा रहिवासी होऊन गेला! पुढे १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की, भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याराज्यांचा वेगळा अधिवास नसतो. तरी एम.बी.बी.एस.साठी स्थानिक निवासावर काही जागा राखायला त्याच निकालाने मर्यादित मुभा दिली. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात अशा राखीव जागा चालणार नाहीत, असा निकाल जानेवारी २०२५ मध्ये आला.

आता आपल्या खिडक्यांकडे वळू. समजा, धंतोलीतला एक मुलगा. घर तीन पिढ्यांचे. दहावी नागपूरला झाली आणि अकरावी-बारावीला वडिलांनी त्याला कोट्याला धाडले. राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशात त्याची अडचण नाही; स्वतःचा किंवा आईवडिलांचा अधिवासाचा दाखला असला की ‘बी’ वर्गात त्याचे नाव लागते. पण एम.बी.बी.एस.च्या राज्याच्या जागांसाठी दाखला तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हव्यात. तिथे तो अडला. आणि व्हीएनआयटीच्या खिडकीवर तर वेगळेच. तिथे निम्म्या जागा आपल्या राज्याच्या. पण राज्य कोणते, ते बारावी कुठून पास झाला त्यावरून ठरते. म्हणजे बजाजनगरच्या फाटकाशी हा धंतोलीकर परका, आणि जयपूरच्या एनआयटीत मात्र घरचा!

याच्या उलट दुसरा. त्याचे वडील आठ वर्षांपूर्वी खासगी कंपनीच्या नोकरीसाठी जबलपूरहून हिंगण्याला आले. मुलाची दहावी-बारावी नागपुरातच झाली, मराठी तो तुमच्या-माझ्यासारखी बोलतो. व्हीएनआयटीच्या खिडकीवर तो महाराष्ट्राचा. पण अधिवासाच्या दाखल्याला पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते, जन्मही इथला नाही. म्हणून राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशात तो बाहेरचा. त्याच्या वर्गातल्या, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधल्या मुलाचे वडील दोनच वर्षांपूर्वी बदलून आलेले असले तरी केंद्र सरकारचे नोकर म्हणून त्या मुलाला ‘सी’ वर्ग मिळतो. नोकरी सरकारी असली तर दोन वर्षे पुरतात आणि खासगी असली तर आठही अपुरी, हे मला तरी पटलेले नाही.

फीचा हिशेब इथेच येतो. अमेरिकेतली राज्य विद्यापीठे बाहेरच्या विद्यार्थ्याकडून उघडपणे जास्त फी घेतात. एकदा बाहेरचा ठरला की शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असा कनेक्टिकट राज्याचा नियम होता. लग्न होऊन तिथे राहायला आलेल्या एका विद्यार्थिनीलाही तो लागू झाला. १९७३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण आपण आता इथलेच आहोत हे सिद्ध करायची संधीच त्यात नव्हती. आपल्याकडे फरक फीच्या तक्त्यात सहसा दिसत नाही; तो सवलतीत असतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. त्याच उत्पन्नगटातल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांतल्या मुलींना जुलै २०२४ च्या निर्णयाने शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. या सवलतींना अट आहे ती महाराष्ट्राच्या अधिवासाची. शिक्षण शुल्क वर्षाला एक लाख धरले, तर चार वर्षांत हिंगण्याच्या त्या बापाच्या खिशातून शेजाऱ्यापेक्षा दोन लाख जास्त जातात. मुलगी असती, तर फरक चार लाखांवर गेला असता.

राज्याच्या आतही अशीच एक भिंत होती. १९५३ च्या नागपूर करारात व्यावसायिक शिक्षणाचे प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे कलम होते. वैद्यकीय प्रवेशात सत्तर टक्के जागा त्या त्या विभागाच्या आणि तीस टक्के बाकीच्यांच्या, ही पद्धत सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाली. दुसरीकडे, कर्नाटकात असलेल्या सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राने ‘ई’ वर्ग ठेवला आहे. निवास बाहेरचा असूनही ती आपली मानली जातात.

दाखल्याचे पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. भाड्याच्या घरात विजेचे बिल घरमालकाच्या नावाचे असते, म्हणून रेशनकार्ड, भाडेकरार आणि मुलांच्या शाळांचे दाखले सांभाळून ठेवावेत. वास्तव्य सिद्ध करायला तेच उपयोगी पडतात. हा दाखला मुलाच्या दहावीच्या सुट्टीतच काढावा. जूनमध्ये अर्ज केलात आणि एखादा कागद कमी निघाला, तर प्रवेशाची तारीख त्यासाठी थांबत नाही.