रॉकेटवरून गळणारा बर्फ

इंजिनं पेटलेली आहेत. रॉकेट अजून जागचं हललेलं नाही. तेवढ्यात त्याच्या अंगावरचा पांढरा थर तडकतो आणि बर्फाचे पापुद्रे सुटून खाली कोसळू लागतात. लहान, मोठे, गिरक्या घेत, एकमेकांवर आपटून फुटत, खालच्या ज्वाळेच्या उजेडात लखलखत. रॉकेट वर उचललं जातं तेव्हा ते जणू कात टाकत असतं.

मार्च 1987 मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘होनेआमिझचे पंख’ या ॲनिमेशनपटाच्या शेवटाकडचा हा प्रसंग. हिदेआकी आन्नो या तरुण चित्रकाराच्या हातचं हे काम. पुढे ‘इव्हँजेलियन’ या मालिकेमुळे तो जगभर गाजला. पण त्याचं नाव निघालं की मला आधी हा बर्फच आठवतो. सगळं हातानं काढलेलं, तरी प्रत्येक तुकड्याला वजन आहे. आणि त्यामागचं विज्ञान अगदी पक्कं आहे.

आग ओकणाऱ्या रॉकेटवर बर्फ आला कुठून? फ्रिजमधलं पाणी स्टीलच्या पेल्यात ओतलं की पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तिथूनच. इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजन रॉकेटमध्ये द्रवरूपात भरतात आणि तो उणे 183 अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्यात आणि बाहेरच्या हवेत पातळ धातूची एक भिंत, एवढंच अंतर. हवेतली वाफ त्या भिंतीला टेकते आणि पाणी म्हणून ओघळण्याआधीच गोठते. रशियाच्या सोयूझ रॉकेटची छायाचित्रं नीट पाहा. ऑक्सिजनची टाकी असते तेवढाच भाग पांढरा पडलेला दिसतो, केरोसीनचा भाग कोरडा. उड्डाणाआधी रॉकेटभोवती रेंगाळणारा पांढरा ‘धूर’सुद्धा धूर नसतो. टाकीत ऑक्सिजन सतत उकळत असतो, त्याची वाफ बाहेर सोडावी लागते, आणि त्या गारठ्यानं आजूबाजूच्या हवेत छोटासा ढग तयार होतो. मग इंजिन पेटतं, सगळा सांगाडा थरथरतो आणि ठिसूळ बर्फ सुटतो.

सोयूझसारख्या रॉकेटला याचा त्रास नाही, कारण माणसं टोकाला बसलेली असतात आणि बर्फ खाली पडतो. अमेरिकेच्या स्पेस शटलची गोष्ट वेगळी होती. तिथं यान टाकीच्या कुशीला बांधलेलं, त्यामुळे वरून पडणारा बर्फ थेट यानाच्या नाजूक उष्णतारोधक कवचावर आदळला असता. म्हणून टाकीवर फेसाचं जाड आवरण चढवलं. तिचा तो नारिंगी रंग या फेसाचाच. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया हे शटल उडालं आणि या आवरणाचाच, किलोभरही नसलेला एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. 1 फेब्रुवारीला परत येताना यान विखुरलं आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. बर्फ अडवण्यासाठी लावलेला फेसच जिवावर उठला. हे ठाऊक झाल्यापासून आन्नोचा तो प्रसंग पाहताना माझा श्वास अडकतो.

चित्रपट करणारे बहुतेक जण तेव्हा विशीत होते. दिग्दर्शक हिरोयुकी यामागा, वेशांपासून चेहऱ्यांपर्यंत घडवणारा योशियुकी सादामोतो, संगीत र्युइची साकामोतो यांच्या नेतृत्वाखाली. गायनॅक्स ही संस्था या चित्रपटासाठीच उभी राहिली. ऑगस्ट 1985 मध्ये यामागा आणि काही सहकारी अमेरिकेला गेले आणि डिस्कव्हरी या स्पेस शटलचं उड्डाण त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं. तरी पडद्यावर त्यांनी शटल आणलं नाही. आणलं ते जुन्या धाटणीचं, सोयूझची आठवण करून देणारं रॉकेट, आणि तेही पृथ्वीवर कुठंच नसलेल्या एका देशात. तिथली नाणी, वर्तमानपत्रं, विमानं सगळी नव्यानं कल्पिलेली. तिथलं ‘अंतराळ दल’ हा लोकांच्या थट्टेचा विषय. त्यात म्हातारे संशोधक, आळसावलेले जवान आणि पैसे मिळावेत म्हणून यानाला युद्धनौका म्हणवून घेणारा सेनापती. रॉकेटच्या इतिहासाइतकंच हे खरं आहे. मात्र यात युद्ध आहे आणि एक प्रसंग फार अस्वस्थ करणारा आहे, तेव्हा हा चित्रपट लहान मुलांसाठी नाही.

त्या म्हाताऱ्या संशोधकांकडे पाहताना मला हिदेओ इतोकावा आठवतात. सुरुवातीला ते नाकाजिमा कंपनीत विमानं घडवत, ‘हायाबुसा’ हे लढाऊ विमान त्यांतलंच. दुसरं महायुद्ध हरल्यावर जपानला विमानं बनवायला बंदी झाली. इतोकावांनी मेंदूतल्या विद्युतलहरी मोजणाऱ्या यंत्रावर काम केलं, व्हायोलिनच्या ध्वनिशास्त्राचा अभ्यास केला आणि एक व्हायोलिनही घडवलं. बंदी उठल्यावर ते तोक्यो विद्यापीठातल्या सहकाऱ्यांना घेऊन रॉकेटकडे वळले. पहिलं रॉकेट 23 सेंटिमीटर लांब, 1.8 सेंटिमीटर जाड, वजन सुमारे 200 ग्रॅम. नावही साजेसं: पेन्सिल. मिळालेल्या इंधनाच्या कांड्याच इतक्या बारीक होत्या की त्याहून मोठं काही करता येत नव्हतं.

त्याच रांगेतल्या पुढच्या रॉकेटांपैकी लॅम्डानं, चार वेळा अपयश आल्यावर, 11 फेब्रुवारी 1970 रोजी 24 किलोचा ‘ओसुमी’ हा उपग्रह कक्षेत नेला. इतोकावा तेव्हा विद्यापीठ सोडून गेलेले होते. ज्या लघुग्रहाला पुढं त्यांचं नाव मिळालं, त्याची धूळ घेऊन 2010 मध्ये जे यान परतलं, त्याचं नाव पुन्हा हायाबुसाच.

पण मला सगळ्यात आवडते ती पेन्सिलची पहिली जाहीर चाचणी. 12 एप्रिल 1955, तोक्योजवळचं कोकुबुंजी, पूर्वी बंदुका तपासायला वापरलेली जागा. उडणाऱ्या रॉकेटचा माग काढणारं रडार त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून रॉकेट आभाळात न सोडता आडवं सोडलं आणि त्याच्या वाटेत एकामागे एक कागदी पडदे उभे केले. पडद्यांवर बारीक तारा होत्या. रॉकेट पडदा फाडून जाई, तार तुटे आणि वेळ नोंदली जाई. त्यातून वेग कळे. भोकांची जागा आणि आकार पाहून रॉकेट किती वळलं, किती डगमगलं ते समजे. ॲनिमेशन करणारा एकेका कागदावर थोडं थोडं पुढचं चित्र काढत गती उभी करतो. कोकुबुंजीत भोकं पडलेले कागद ओळीनं पाहत त्या माणसांनी, पापणी लवायच्या आत निघून गेलेलं एक उड्डाण पुन्हा जुळवलं.