टॅब्लेटवरून पाठवावयाचा कूटबद्ध ई-मेल : भोर-वेल्हे परिसरातील अध्यापकांच्या संदर्भात

प्रस्तावना

भोर संस्थानाचे अधिपती ‘पंतसचिव’ या नावाने ओळखले जात. हे बिरुद अष्टप्रधान मंडळातील सचिवपदावरून आले. राज्यातून निघणारी पत्रे तपासणे, त्यांतील अधिक-उणे शब्द दुरुस्त करणे आणि त्यांवर मान्यतेची खूण करणे हे सचिवाचे, म्हणजेच सुरनिसाचे, काम होते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे हे पद आले व १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत ते त्या घराण्याची ओळख बनून राहिले. याच परिसरातील रांझे गावच्या पाटलासंबंधीचे १६४६ सालचे शिवाजी महाराजांचे शिक्क्याचे पत्र सर्वपरिचित आहे. अशा पत्रांवरील मुद्रा पत्र कोणाचे हे सांगे, तर अखेरीस उमटवलेली मोर्तब मजकूर तेथे संपल्याचे दर्शवी. त्यामुळे पुढे काही वाढविणे कठीण होई. तथापि शिक्का मजकूर लपवीत नसे. मोडी जाणणाऱ्या कोणासही पत्र वाचता येई आणि गोपनीयता बव्हंशी जासुदाच्या इमानावर अवलंबून असे.

पत्र कोणाचे आहे, त्यात फेरफार झाला आहे काय आणि ते वाटेत कोणी वाचले आहे काय, हे तीन प्रश्न ई-मेललाही तितकेच लागू पडतात. या प्रश्नांच्या अनुषंगाने कूटबद्ध ई-मेलचे स्वरूप, टॅब्लेटवरील त्याची कार्यपद्धती आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गोपनीयतेची गरज

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या कायद्यातील कलम १६ नुसार तक्रारीचा मजकूर तसेच तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख उघड करण्यास मनाई आहे. असे असूनही अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांमध्ये तक्रारीची प्रत साध्या ई-मेलने फिरू शकते. संशोधनाच्या बाबतीतही हीच अडचण येते. नीरा देवघर किंवा गुंजवणी प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्या कुटुंबाची मुलाखत टॅब्लेटवर नोंदवून मार्गदर्शकाकडे पाठविली, तर त्यात जमिनीचे वाद व मोबदल्याचा तपशील असू शकतो. हिरडस मावळ किंवा गुंजण मावळातील लहान वाडीत केवळ आडनाव आणि वाडीचे नाव एवढ्यावरून माणूस ओळखला जातो. म्हणून येथे नाव गाळणे पुरेसे ठरत नाही.

साधा ई-मेल व कूटबद्ध ई-मेल

आजचा बहुतेक ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे सुरक्षित जोडणीतून जातो. ही व्यवस्था कुलूपबंद टपालपिशवीसारखी आहे. वाटेवर पिशवी सुरक्षित असते, परंतु प्रत्येक टपाल कचेरीत ती उघडली जाते आणि आतील पत्र उघडेच असते. सेवा पुरविणारी कंपनी किंवा खात्यात शिरकाव केलेली व्यक्ती ते वाचू शकते. ‘एंड-टू-एंड’ कूटलेखनात मात्र मजकूर प्रेषकाच्या उपकरणावरच बंद होतो व प्राप्तकर्त्याच्या उपकरणावरच उघडतो.

या पद्धतीचा पाया १९७६ मध्ये डिफी व हेलमन यांनी मांडलेल्या सार्वजनिक किल्लीच्या कल्पनेत आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ‘पीजीपी’ ही प्रणाली प्रसिद्ध करून ती सामान्य ई-मेल वापरणाऱ्यांपर्यंत आणली. यात प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली कोणासही द्यावी. तिने केवळ कुलूप लावता येते. ते उघडणारी खासगी किल्ली मात्र स्वतःजवळच ठेवावयाची असते. डिजिटल स्वाक्षरीत हा क्रम उलट असतो. प्रेषक खासगी किल्लीने स्वाक्षरी करतो व इतर जण सार्वजनिक किल्लीने ती पडताळतात. कूटलेखन हा पत्राचा बंद लिफाफा होय, तर स्वाक्षरी ही मुद्रा आणि मोर्तब होय. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही. संवेदनशील पत्रास दोन्ही आवश्यक आहेत.

टॅब्लेटवरील कार्यपद्धती

अँड्रॉइड टॅब्लेटवर ‘ओपनकीचेन’ हे अ‍ॅप किल्ल्या तयार करते व सांभाळते; ‘फेअरईमेल’ किंवा ‘थंडरबर्ड’ (पूर्वीचे ‘के-९ मेल’) यांना ते जोडता येते. आयपॅडच्या मूळ मेल अ‍ॅपमध्ये ‘एस-माइम’ प्रमाणपत्राची सोय आहे. ‘प्रोटॉन मेल’सारख्या सेवेत दोन्ही बाजूंची खाती तेथीलच असल्यास कूटलेखन आपोआप होते.

यातील सर्वांत महत्त्वाची व बहुधा टाळली जाणारी पायरी म्हणजे किल्लीची ओळख पटविणे. कोणीही दुसऱ्याच्या नावाने किल्ली तयार करू शकतो. अशा खोट्या किल्लीने बंद केलेले पत्र नेमके नको त्याच्याच हाती उघडते. प्रत्येक किल्लीला ‘फिंगरप्रिंट’ म्हणजे अंक व अक्षरांची ठराविक ओळ असते. ती समक्ष भेटीत किंवा परिचित आवाज ओळखून दूरध्वनीवर ताडून पाहावी. ज्या ई-मेलने किल्ली आली, त्याच ई-मेलमधील ओळीवर विसंबू नये.

डोंगराळ भागात नेटवर्क अनेकदा नसते. तथापि कूटलेखनाची क्रिया टॅब्लेटवरच होत असल्याने प्राप्तकर्त्याची किल्ली आधी उतरवून घेतली असल्यास पत्र तेथेच बंद करता येते. नेटवर्क मिळताच ते रवाना होते.

मर्यादा

पत्राचा विषय, प्रेषक, प्राप्तकर्ता आणि वेळ ही माहिती सामान्यतः उघडीच राहते. म्हणून विषयाच्या ओळीत तक्रारदाराचे नाव लिहू नये. तक्रारीचे छायाचित्र टॅब्लेटने काढल्यास त्याची प्रत स्वयंचलितपणे क्लाउडवर जाऊ शकते. अशा वेळी ई-मेल कूटबद्ध असूनही मूळ कागद उघडाच राहतो. मसुद्यांच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी. खासगी किल्ली हरवल्यास जुनी पत्रे कायमची बंद होतात. म्हणून तिची प्रत बळकट परवलीच्या शब्दाने सुरक्षित करून अन्यत्र ठेवावी आणि टॅब्लेटला पडदाकुलूप असावे. शिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ अन्वये विशिष्ट परिस्थितीत सक्षम अधिकारी मजकूर उलगडण्याचा आदेश देऊ शकतो, याचीही जाणीव असावी.

समारोप

गणिती कुलूप भक्कम असले तरी किल्ली कोणाची हे ठरविण्याचे काम माणसाकडेच राहते. हे काम एकेकाच्या सोयीवर न सोडता महाविद्यालयाने ते कार्यालयीन शिस्तीचा भाग करावे. वर्षारंभीच्या बैठकीत समिती सदस्य व संशोधन मार्गदर्शकांनी एकमेकांच्या किल्ल्या समक्ष ताडून घ्याव्यात. त्यास फारसा वेळ लागणार नाही. विश्वासाने आपली हकिकत सांगणाऱ्या विद्यार्थिनीच्या अथवा विस्थापित शेतकऱ्याच्या संदर्भात ही शिस्त म्हणजे त्या विश्वासाची किमान परतफेड होय.