विश्लेषण : हॉटेल रात्रभर उघडे ठेवता येईल, पण गिऱ्हाईक कुठून येणार?

राज्यातील दुकाने आणि हॉटेले २४ तास सुरू ठेवता येतात, हे राज्य सरकारने १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने पुन्हा स्पष्ट केले. मुंबई-पुण्यात त्याची चर्चा झाली. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील वस्तीतल्या खाणावळीला त्याचा उपयोग किती? वाढीव वेळ आणि नवे गिऱ्हाईक या दोन्हींसाठी धडपडणाऱ्या लंडनमधील पश्चिम आफ्रिकी खाणावळींच्या अनुभवातून काय घेता येईल?

शासन निर्णयात नेमके काय?

हा नवा कायदा नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम २०१७ हा डिसेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यात ‘दिवस’ म्हणजे मध्यरात्रीपासून सुरू होणारे २४ तास, अशी व्याख्या आहे. आस्थापना आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवता येते. अट एवढीच, की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुटी मिळाली पाहिजे. तरीही अनेक ठिकाणी रात्री पोलीस आणि स्थानिक प्रशासन दुकाने बंद करायला लावतात, अशा तक्रारी सरकारकडे आल्या. त्यामुळे हे स्पष्टीकरण काढावे लागले.

सवलत कोणाला नाही?

परमिट रूम, बिअर बार, डान्स बार, हुक्का पार्लर, मद्यविक्रीची दुकाने यांना २४ तासांची मुभा नाही. त्यांच्या वेळा सरकार स्वतंत्रपणे ठरवते. म्हणजे केवळ जेवण देणारी खाणावळ रात्री दोन वाजता उघडी राहू शकते, शेजारचा बार राहू शकत नाही. हॉटेलबाहेर ध्वनिक्षेपक लावण्यास मात्र रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. हॉटेल उघडे ठेवण्याची परवानगी म्हणजे गोंगाटाची परवानगी नव्हे.

इंग्लंडमध्ये काय पद्धत आहे?

तेथे नियम उलट दिशेने चालतो. ‘लायसन्सिंग अ‍ॅक्ट २००३’ नुसार रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत गरम अन्न किंवा गरम पेय विकायचे असेल, तर मद्य विकत नसले तरी स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. अर्जाची सूचना दुकानाबाहेर लावावी लागते आणि शेजाऱ्यांना हरकत घेण्यासाठी २८ दिवस मिळतात. नायजेरियन किंवा घानाचे जेवण देणाऱ्या छोट्या खाणावळीला वेळ वाढवायची असेल, तर आधी शेजाऱ्यांना विश्वासात घ्यावे लागते. कचरा कधी उचलणार, दारात घोळका जमला तर काय करणार, याची उत्तरे तयार ठेवावी लागतात. आपल्याकडे परवानगी आधीच आहे, शेजाऱ्यांशी बोलण्याची सक्ती नाही. त्यामुळे हे बोलणे बहुधा होतच नाही आणि वाद थेट पोलीस ठाण्यात जातो.

नवे गिऱ्हाईक तेथे कसे मिळाले?

लंडनमधील पश्चिम आफ्रिकी खाणावळी बराच काळ आपल्याच लोकांच्या भरवशावर चालल्या. जोलोफ भात, कुटलेल्या कंदाचा फुफू, शेंगदाण्याचा मसाला लावून भाजलेले सुया मांस हे पदार्थ बाहेरच्यांना अनोळखी होते. अदेजोके बकारे या नायजेरियात वाढलेल्या स्वयंपाकीणबाईंचे उदाहरण बोलके आहे. २०१९ मध्ये ब्रिक्स्टन भागातील एका पाककला स्पर्धेत त्या जिंकल्या. त्या बळावर २०२० मध्ये तेथील बाजारात ‘चिशुरू’ हे छोटे हॉटेल निघाले. २०२३ मध्ये ते मध्य लंडनमध्ये गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला मिशेलिन तारा मिळाला. चव आपलीच ठेवायची, पण काय खातो आहोत हे नवख्याला समजेल अशा रीतीने वाढायचे, ही वाट त्यांनी धरली.

विदर्भाला हे परके आहे का?

वाटते तितके नाही. विदर्भातल्या ताटातील बरेच काही मुळात आफ्रिकेतून आले आहे. ज्वारी आणि बाजरी आफ्रिकेतली, चवळी पश्चिम आफ्रिकेतली. उत्तर नायजेरियात ज्वारीच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा कालवणासोबत खातात, येथे त्याच पिठाची भाकरी होते. अंबाडीचेही मूळ आफ्रिकेतच. येथे पाल्याची भाजी होते, सेनेगलमध्ये लाल अंबाडीच्या बोंडांचे ‘बिसाप’ हे गार पेय घरोघरी पितात. नायजेरियातील ‘अकारा’ म्हणजे वाटलेल्या चवळीचे तळलेले वडे.

शिवाय एका समाजाच्या घरचे जेवण सर्वांच्या आवडीचे कसे होते, हे विदर्भाने पाहिले आहे. हलबा कोष्टी समाजाच्या चुलीवरचे सावजी जेवण नागपूरच्या विणकर वस्त्यांतून बाहेर पडले आणि आज यवतमाळपर्यंत त्याच्या पाट्या दिसतात. त्यासाठी तिखट कमी करावे लागले नाही.

यवतमाळमध्ये रात्रीचे गिऱ्हाईक कोण?

महानगरासारखी रात्री फिरणारी गर्दी येथे नाही. तरी रात्री जागणारे लोक आहेत. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तालुक्या-तालुक्यांतून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक रात्र काढतात. वणी परिसरातील कोळसा खाणींत पाळ्यांमध्ये काम चालते. नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवड्याच्या बाजूने रात्रभर ट्रक जातात. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे गाड्या घेऊन आलेले शेतकरी मापाची वाट पाहत थांबतात. या लोकांना रात्री एक वाजता गरम वरणभात किंवा भाकर-भाजी हवी असते आणि ती खिशाला परवडायला हवी असते.

हिशेब जुळतो का?

समजा, खाणावळ रात्री ११ ऐवजी २ पर्यंत उघडी ठेवली. स्वयंपाकी, मदतनीस, गॅस आणि वीज धरून रोजचा जादा खर्च १,५०० रुपये झाला. थाळी १२० रुपयांची असेल आणि शिधा वजा जाता त्यातून ४८ रुपये उरत असतील, तर केवळ खर्च निघण्यासाठीच त्या तीन तासांत ३२ थाळ्या जायला हव्यात. रुग्णालयासमोर हे जमू शकते, आतल्या गल्लीत अवघड आहे. त्यामुळे सातही रात्री उघडे ठेवण्यापेक्षा बाजाराच्या दिवशी किंवा हंगामात वेळ वाढवून पाहणे शहाणपणाचे. नव्या चवीचा पदार्थही आधी आठवड्यातून एकदा, छोट्या वाटीत देऊन पाहता येतो. तो चालला नाही तर नुकसान एका पातेल्याचे होते.

कामगारांचे काय?

खरी अडचण येथे आहे. २०१७ च्या मूळ कायद्यात रोज नऊ तास कामाची मर्यादा होती; आठवड्याला ४८ तास काम, जादा कामाला दुप्पट मजुरी आणि साप्ताहिक सुटी हे हक्क आहेत. महिलांना रात्री ९.३० नंतर कामावर ठेवायचे तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी पोहोचवण्याची सोय बंधनकारक आहे. मात्र या तरतुदी मूळ कायद्यात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने हा आकडा २० वर नेण्यास आणि रोजचे तास नऊवरून दहा करण्यास मंजुरी दिली.

गल्लीतल्या खाणावळीत चार-पाच जण राबतात. म्हणजे रात्री उघडे ठेवण्याची मोकळीक मालकाला मिळते, पण भांडी घासणाऱ्या बाईची किंवा वाढप्याची हक्काची सुटी कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. किमान वेतनाचा नियम आणि १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्याची बंदी मात्र लहान हॉटेललाही चुकत नाही. सकाळी सहाला चहा टाकणारा माणूसच रात्री दोनला गल्ला बंद करणार असेल, तर ही वेळवाढ त्याच्याच झोपेतून काढलेली असेल. दुसऱ्या पाळीचा माणूस ठेवण्याइतकी विक्री होते का, हे पाहूनच शटर उघडे ठेवायचे की नाही ते ठरवावे लागेल.