डोंगर एका कप्प्यात, माणसे दुसऱ्यात

दार्जिलिंगची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची चित्र-पोस्टकार्डे लिलावात, संग्रहालयात किंवा एखाद्या संग्राहकाच्या आल्बममध्ये पाहिली, की ती बहुतेक ठिकाणी दोन गठ्ठ्यांत लावलेली दिसतात. एका गठ्ठ्यात देखावे असतात: बर्फाच्छादित कांचनगंगा, धुक्यातले घूमचे स्टेशन, लूपवर वळसा घेणारी छोटी आगगाडी, उतारावरचे चहाचे मळे. दुसऱ्यात माणसे: लेपचा पुरुष, दागिन्यांनी मढलेली भुतिया बाई, ओझे वाहणारा नेपाळी हमाल, जपमाळ धरलेला लामा. ही वाटणी संग्राहकांनी केलेली नाही. ती छापणाऱ्यांनीच करून ठेवली होती आणि आपण ती मुकाट्याने पुढे चालवली. माझ्या मते या कार्डांतला सर्वांत मोठा खोटेपणा रंगवलेल्या आकाशात किंवा भाड्याच्या पोशाखात नाही, तो या वाटणीत आहे. डोंगराला माणसांपासून तोडले की डोंगर आपोआप घडलेला वाटू लागतो, आणि माणसाला डोंगरापासून तोडले की तो नमुना होतो. दोन्ही गठ्ठे एकत्र केले, तर हीच कार्डे त्या पहाडातल्या कष्टांचा दस्तऐवज म्हणून वाचता येतात.

आधी या व्यवसायाविषयी थोडे. हिंदुस्थानात पाव आण्याचे साधे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. चित्रकार्डांची लाट आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. सुरुवातीच्या कार्डांची एक बाजू फक्त पत्त्यासाठी राखलेली असे, त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत दाटीवाटीने लिहावा लागे. ब्रिटनने १९०२ मध्ये मागची बाजू उभी विभागून अर्ध्यात पत्ता, अर्ध्यात मजकूर अशी सोय केली. इतर देशांनीही ती उचलली आणि चित्राला पूर्ण बाजू मिळाली. दार्जिलिंगमध्ये थॉमस पार यांचा स्टुडिओ होता, कलकत्त्याच्या जॉन्स्टन अँड हॉफमन कंपनीची शाखा होती, आणि पुढे बर्लिंग्टन स्मिथ यांनीही तिथे नाव कमावले. छायाचित्र पहाडात काढलेले असले, तरी त्या काळातली बरीच कार्डे जर्मनीतल्या छापखान्यांत छापून येत. ज्यांनी दार्जिलिंग कधी पाहिले नव्हते असे कारागीर तिथल्या टेकड्यांना हिरवा आणि शालींना तांबडा रंग भरत.

आता देखाव्यांचा गठ्ठा घेऊ. त्या काळच्या साध्या काचपट्ट्या निळ्या रंगाला फार संवेदनशील असत. त्यामुळे निळे आकाश आणि पांढरे बर्फ दोन्ही सारखेच पांढरेफटक उमटत आणि शिखराची रेघ हरवून जाई. मग निगेटिव्हवर हाताने काम करून शिखर उठावदार करावे लागे. वर्षातले कितीतरी महिने ढगांत बुडालेली कांचनगंगा कार्डांवर मात्र बारमाही लख्ख उभी असते, याचे एक कारण हे. इतक्या निगुतीने शिखर वर काढणाऱ्या या धंद्याने शिखरापर्यंत नजर पोहोचवणारा रस्ता कोणी खोदला हे मात्र मथळ्यात कधी सांगितले नाही. सिलिगुडीकडून वर येणारा हिल कार्ट रोड १८६० च्या दशकात बांधला गेला. त्याच्या कडेने दोन फुटी रुळांची आगगाडी १८८१ मध्ये दार्जिलिंगला पोहोचली. सिलिगुडीच्या सुमारे १२० मीटर उंचीवरून निघून ती घूमला २,२५८ मीटरवर चढते. ही चढण लूप आणि झिगझॅग यांच्या युक्तीने साधली, आणि त्या काळच्या प्रवासवर्णनांत अभियंत्यांचे कौतुक भरभरून आहे. ते योग्यच आहे. पण आगगाडीचे एखादे कार्ड भिंग लावून पाहा. इंजिनाच्या पुढच्या बाजूला माणसे बसलेली दिसतील. ओल्या रुळांवर चाके घसरू नयेत म्हणून ती पुढे बसून रुळांवर वाळू टाकत. पाऊस, धुके, थंडी यांत त्यांची जागा तीच. मथळ्यात लूपचे नाव असते, इंजिनाचा उल्लेख असतो. त्या माणसांचा नसतो. तरीही ती तिथे आहेत, कारण त्यांच्याशिवाय गाडी चढत नव्हती आणि कॅमेऱ्याला त्यांना वगळता आले नाही.

चहाच्या मळ्यांचेही तसेच. १८७२ च्या जनगणनेत दार्जिलिंग जिल्ह्याची लोकसंख्या ९४,७१२ होती. १९०१ मध्ये ती २,४९,११७ झाली. तीस वर्षांत अडीच पटींहून अधिक झालेली ही वाढ मुख्यतः नेपाळातून चहाच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांची होती. देखाव्याच्या कार्डावर उताराला नांगरटीसारख्या सरळ रेघा दिसतात आणि त्यांत ठिपक्यांएवढ्या बायका. त्या रेघा निसर्गाने आखलेल्या नाहीत. अख्खा डोंगर जंगल तोडून हाताने घडवलेला आहे, आणि घडवणारे चित्रात फक्त मळा किती मोठा आहे हे कळावे एवढ्यापुरते उरले आहेत.

दुसऱ्या गठ्ठ्याचा उगम टपालात नाही, प्रशासनात आहे. बेंजामिन सिम्पसन या लष्करी डॉक्टरांनी पूर्व हिमालयातल्या लोकांची छायाचित्रे काढली. १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंडांचे काम निघाले, १८७२ मध्ये डाल्टन यांचा बंगालच्या जमातींवरचा ग्रंथ आला. या ग्रंथांत सिम्पसन यांची छायाचित्रे वापरली गेली. एक माणूस, त्याचा पोशाख, त्याची अवजारे आणि खाली जमातीचे नाव: ही मांडणी तिथे पक्की झाली आणि पोस्टकार्डवाल्यांनी ती जशीच्या तशी उचलली. फरक इतकाच की ग्रंथ मोजक्या वाचकांपर्यंत पोहोचत, कार्ड मात्र काही पैशांत हजारो घरांत गेले. माणसाचे नाव मथळ्यात नाही, गाव नाही, काम दाखवले तरी ते कोणासाठी चालले होते हे नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की ही कार्डे विकाऊ होती, स्टुडिओत रचलेली होती. त्यांच्यावर इतिहास उभा करणे धोक्याचे आहे. रचलेली होती हे खरेच. पण रचनेतल्या वस्तू खऱ्या आहेत. ओझेवाल्या बाईच्या कार्डावर कपाळावरून जाणारा पट्टा, म्हणजे नाम्लो, आणि पाठीवरची डोको ही टोपली पाहा. पट्टा कपाळाच्या नेमक्या कोणत्या भागावर बसतो, मान किती पुढे झुकते, पाय किती फाकून ठेवावे लागतात, हे मांडणी करणाऱ्याने शिकवलेले नाही. ते त्या शरीराला वर्षानुवर्षांच्या चढणीने शिकवले आहे. पडदा रंगवलेला आहे, म्हणून ओझे खोटे ठरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्वित्झर्लंडच्या खेड्यांतली, फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची माणसेही अशीच पारंपरिक पोशाखात उभी करून कार्डांवर छापली गेली. मग दार्जिलिंगचे वेगळे काय? मुंबईतही चित्रकार एम. व्ही. धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शहरातल्या नाना धंद्यांच्या माणसांची चित्रे कार्डांसाठी काढलीच होती. पण कार्ड कोणत्या वाचकासाठी छापले जाते याने फरक पडतो. ब्रिटनीच्या कार्डाचा मथळा फ्रेंचमध्ये असे, आणि तिथला शिक्षक किंवा दुकानदार तेच कार्ड घेऊन पाठवू शकत असे. दार्जिलिंगच्या कार्डाचा मथळा इंग्रजीत, ग्राहक हवापालटासाठी आलेला साहेब, पत्ता बहुधा विलायतेचा. चित्रातल्या माणसाला ते कार्ड परत मिळण्याची सोयच नव्हती. धुरंधर ज्या शहरात राहत होते त्याच शहरातली माणसे रंगवत होते, आणि त्यांची नजर त्या गर्दीच्या आतली होती. पुढे १९२७ मध्ये दार्जिलिंगात दास स्टुडिओ सुरू झाला आणि पहाडातल्या माणसांच्या हाती कॅमेरा आला. पण तोवर दोन गठ्ठ्यांची सवय मुरून गेली होती.

ही सवय मोडणारी कार्डेही आहेत. रविवारच्या बाजाराची कार्डे मला सर्वांत मोलाची वाटतात. मळ्यांना सुट्टी रविवारी, म्हणून बाजारही रविवारी. तिथे डोंगर आणि माणसे एकाच चौकटीत येतात, आणि छायाचित्रकाराला गर्दी हवी असल्यामुळे कोणाला वेगळे काढून उभे करता येत नाही. भुतिया, लेपचा, नेपाळी, मारवाडी दुकानदार एकमेकांना धक्के देत उभे. मळ्यात राबणारी माणसे इथे ग्राहक म्हणून दिसतात.

डोंगराच्या चित्रामागे माणसांचे कष्ट कसे असतात याचा वेगळाच पुरावा १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे कार्ड देते. कॅप्टन जॉन नोएल यांनी चित्रपट आणि छायाचित्रांच्या हक्कांसाठी ८,००० पौंड मोजले होते. आपला पत्ता कळवणाऱ्यांना थेट एव्हरेस्टच्या तळावरून चित्रकार्ड पाठवण्याची योजना त्यांनी केली आणि त्यासाठी खास तिकीटही छापले. ती कार्डे हरकाऱ्यांनी तिबेटचे पठार ओलांडून हिंदुस्थानच्या टपालापर्यंत पोहोचवली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९२२ च्या मोहिमेत, हिमप्रपाताखाली सात भारवाहकांचा बळी गेला होता. कार्ड हाती घेताना ही दोन्ही वर्षे एकत्र आठवली पाहिजेत.

आज कार्डांचे अंकीकरण झपाट्याने चालू आहे, आणि जुनीच चूक नव्या यंत्रात शिरते आहे. संकेतस्थळांवर 'निसर्ग' आणि 'लोकजीवन' असे शोधशब्द लावले जातात आणि एकाच छायाचित्रकाराची, एकाच वर्षाची कार्डे एकमेकांपासून कायमची दूर जातात. पुष्कळदा फक्त चित्राची बाजू स्कॅन होते. शिक्का, तारीख, मजकूर असलेली मागची बाजू टाकून दिली जाते. हे दार्जिलिंगपुरते नाही. माथेरानची, महाबळेश्वरची जुनी कार्डे मराठी घरांतल्या पेट्यांत आजही असतील, आणि रिक्षा ओढणारे, पाटीवाले त्यांवरही कुठेतरी कडेला असतील. आपल्याकडे असे कार्ड असेल तर त्याचे तिकीट सोडवू नका, दोन्ही बाजू स्कॅन करा, ते ज्या आल्बममध्ये ज्या क्रमाने आहे तो क्रम लिहून ठेवा, आणि चित्रातल्या एखाद्या माणसाचे नाव घरात कोणाला आठवत असेल तर ते आजच कागदावर उतरवून घ्या.