तंबाखू सोडण्याचा निर्धार टिकवावा कसा?



तंबाखू शरीरास घातक आहे, हे आज कोणास नव्याने सांगावे लागत नाही. तरीही सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपल्या कित्येक कुटुंबांत तिने ठाण मांडलेले आहे. ती सोडण्याचा निश्चय अनेक जण करतात, परंतु काही दिवसांतच तो ढळतो. असे का होते आणि निश्चय टिकवण्यासाठी काय करता येईल, याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

आपल्याकडील व्यसनाचे रूप

२०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. बिडी-सिगारेट ओढणारे केवळ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा व मशेरी यांचाच विळखा मोठा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सवय सुटलेली नाही. बिडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ असलेली निपाणीही आपल्यापासून फार दूर नाही.

मशेरीला तर पुष्कळ भगिनी व्यसन मानीतच नाहीत. दात घासण्याचे ते एक साधन समजले जाते. परंतु मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटीन हिरड्यांतून रक्तात उतरते. गरोदरपणी तिचे सेवन केल्यास बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

मन का डगमगते?

निकोटीन मेंदूला क्षणभर तरतरी देते आणि मेंदू त्याची सवय लावून घेतो. ते मिळेनासे झाले की चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, वाढलेली भूक व कामात लक्ष न लागणे असे त्रास सुरू होतात. पहिल्या आठवड्यात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ते सर्वाधिक जाणवतात आणि साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. या त्रासालाच अनेक जण आपल्या मनाचा दुबळेपणा समजतात व हार मानतात. हा त्रास तात्पुरता आहे, हे आधीच ठाऊक असेल तर तो सोसण्याचे बळ येते.

मुदत लहान, निर्धार मोठा

डब्लिनचे कष्टकरी कामगार मॅट टॅल्बट (१८५६-१९२५) यांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. मद्यपानात बुडालेल्या टॅल्बट यांनी १८८४ साली मद्य सोडण्याची शपथ घेतली, ती केवळ तीन महिन्यांसाठी. ती पाळल्यावर सहा महिन्यांची आणि त्यानंतर आजन्म. पुढे त्यांनी तंबाखूही सोडली. १९७५ साली पोप पॉल सहावे यांनी त्यांना वंदनीय घोषित केले.

आपल्यापैकी काही जण उपवासकाळात तंबाखू वर्ज्य करतात आणि ईस्टर उजाडताच पुन्हा डबी उघडतात. वास्तविक चाळीस दिवसांत शरीराचा सर्वांत कठीण टप्पा मागे पडलेला असतो. त्याच वेळी मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवली, तर झालेले कष्ट वाया जाणार नाहीत.

रोजच्या व्यवहारात

एक दिवस निश्चित करून त्या दिवशी पुडी, चुन्याची डबी, बिडीबंडल घरातून काढून टाकावे. तलफ बहुधा काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप अथवा लवंग चघळावी, चार पावले चालावे. जेवणानंतर, चहाच्या टपरीवर किंवा रात्रपाळीत हात खिशाकडे जात असेल, तर त्या वेळेसाठी दुसरे काही आधीच योजून ठेवावे. दिवसाला दहा रुपये वाचले तरी वर्षाला ३,६५० रुपये होतात. मुलांच्या वह्या-पुस्तकांना ते उपयोगी पडतील. तंबाखू कोणासाठी सोडीत आहोत, हे कागदावर लिहून डोळ्यांसमोर ठेवावे.

कधी पाऊल घसरलेच, तर सारे संपले असे मानू नये. अनेकांना एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागतो. घरच्यांनीही टोमणे मारण्याऐवजी तंबाखूविना गेलेल्या दिवसांचे कौतुक करावे. आवश्यक वाटल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे च्युइंगम वा औषधे घेता येतात. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय सेवेच्या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशनही मिळते.

तोंडात न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा अथवा तोंड उघडण्यास त्रास आढळल्यास मात्र विलंब न करता तपासणी करून घ्यावी.

ज्या घरात आज कोणी हा निर्धार करीत असेल, त्या घराने त्याला एकटे पडू देऊ नये, एवढीच आमची कळकळीची विनंती आहे.