हरीण आणि परसबाग: काय खरं, काय खोटं

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट या भागांत मे महिना लागला की मराठी घरांच्या मागच्या अंगणात भेंडी, घेवडा, मिरची, दोडका लावला जातो. मग एखाद्या सकाळी वाफ्यात नुसते दांडे उरलेले दिसतात आणि सल्ले सुरू होतात. सल्ल्यांमागची कळकळ खरी असते. पण त्यातले बरेच उपाय फार दिवस चालत नाहीत आणि एखादा तर चक्क घातक आहे.

आधी चोर कोण ते पाहावं. पानं गेली की नाव हरणावर येतं, पण पुष्कळदा खाणारा ससा असतो. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ते पान कापत नाही, ओढून तोडतं आणि देठाची कड फाटलेली, धागे सुटलेली दिसते. सशाने खाल्लेला दांडा सुरीने तिरका छाटावा तसा साफ असतो. सशासाठी दोन-तीन फूट उंचीची बारीक जाळी जमिनीत थोडी गाडली की पुरते. हरणाला ती पुरत नाही.

‘मग चार फुटांचं कुंपण घालू,’ असं अनेकांना वाटतं. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण सात-आठ फुटांची उडी मारू शकतं, म्हणून मोठ्या मोकळ्या बागेला आठ फूट उंच जाळी लावायला सांगतात. अडचण अशी, की अनेक गावांच्या नियमांत मागच्या अंगणातही सहा फुटांच्या वर कुंपण चालत नाही. पण त्यासाठी बाग सोडून द्यायला नको. पलीकडे उतरायला जागा दिसली नाही, तर हरीण सहसा उडी मारत नाही. त्यामुळे संपूर्ण अंगणाला कुंपण घालण्याऐवजी चार-पाच फूट रुंदीचा वाफा चारही बाजूंनी जाळीने बंद केला, तर कमी उंचीही चालते. चार-पाच फुटांच्या अंतरावर दोन बुटकी कुंपणं घातली, तरी त्यांच्यामधल्या पट्ट्यामुळे हरणाला उडीचा अंदाज येत नाही. खालची बाजू मात्र विसरू नका. वाट मिळाली तर हरीण उडी मारण्यापेक्षा वाकून आत शिरणं पसंत करतं. जाळी खुंट्यांनी जमिनीला घट्ट हवी.

साबण, माणसाचे केस, उग्र वासाचे फवारे यांनी हरीण कायमचं पळतं, हा सर्वांत पक्का गैरसमज. नव्या वासाला ते काही दिवस बिचकतं, नंतर सरावतं. फवाऱ्यांपैकी सडलेल्या अंड्याचा अंश असलेले त्यातल्या त्यात चांगले. पण पावसानंतर पुन्हा मारावे लागतात आणि नवी फुटलेली पानं उघडीच राहतात. खायच्या भाजीवर मारण्याआधी बाटलीवरची सूचना वाचलीच पाहिजे. डांबरगोळ्या मात्र बागेत अजिबात टाकू नका. त्यातलं रसायन विषारी आहे, लहान मूल ती गोळी तोंडात घालू शकतं आणि लेबलवर दिलेल्या वापरापलीकडे त्या वापरणं अमेरिकेत बेकायदा आहे.

झेंडूची रांग लावली की हरीण आत येत नाही, हेही खरं नाही. भूक लागली की ते झेंडूही खातं. रटगर्स विद्यापीठाने शोभेच्या झाडांची यादी केली आहे. तिच्यातली सर्वांत सुरक्षित श्रेणीसुद्धा ‘क्वचित नुकसान’ अशी आहे, ‘कधीच नाही’ अशी नाही. कांदा, लसूण, पुदिना यांच्या वाट्याला हरीण सहसा जात नाही. घेवड्याची कोवळी पानं मात्र त्याला फार आवडतात, म्हणून जाळीतली जागा आधी घेवड्याला द्यावी.

‘थोडे मके बाहेर ठेवू, म्हणजे बाग वाचेल,’ हा विचार मायेपोटी येतो. पण त्याने आणखी हरणं येतात. न्यू यॉर्क राज्यात तर रानातल्या हरणांना खायला घालण्यावर बंदीच आहे.

लाइम आजाराबद्दलही गोंधळ आहे. हरणाला हात लावल्याने तो आजार होत नाही. त्याचे जंतू मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदरासारख्या लहान प्राण्यांत असतात आणि ते माणसापर्यंत काळ्या पायांची गोचीड पोचवते. मोठ्या झालेल्या गोचिडी हरणाच्या रक्तावर पोसतात, एवढा हरणाचा त्यात वाटा. तेव्हा हरीण दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका; बागेतून आल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू, केसांची मुळं रोज तपासा.

कुंपण घालायचंच असेल, तर रोपं लावण्याआधी घाला. चव कळलेलं हरीण रोज येतं. त्याला नंतर अडवणं फार कठीण जातं.